पालकाची भाजी

शनिवारी सच्या कट्ट्यावर आला तो तणतणतच. चाकणला एका जपानी कंपनीत तो लाइन सुपरवायझर आहे. "पार्ट मी निस्तरले, गाडी वेळेत सुटली, तरी तासभर उभं करून ‘का, का, का’!"

"माप बिघडलंय हे तुला कधी कळलं?" मेघनानं विचारलं. ती दुसऱ्या एका जपानी कंपनीत दुभाषी.

"दहाला. सांगितलं दोनला. आधी निस्तरलं, मग सांगितलं. चुकलं काय?"

"तेच. होरेन्सो."

होरेन्सो म्हणजे जपानीत पालक. कंपनीत मात्र ती होकोकू, रेनराकू, सोदान यांची आद्याक्षरं: अहवाल द्या, कळवा, सल्ला घ्या. आणि हे सगळं बोंब व्हायच्या आत.

"आणि पाचदा ‘का’ विचारतात ते कारण शोधायला," मेघना म्हणाली. "आपल्याला मात्र ‘का’च्या जागी ‘कोणी’ ऐकू येतं."

"येणारच ना! दोष दिसला की लाइन थांबवा म्हणून भिंतीवर लिहिलंय. थांबवली की खेकसतो कोण? जपानी नाही, आपलाच मॅनेजर."

इथे मला सच्याचं पटलं. वाईट बातमी साहेबाच्या कानावर घालायची नाही, हे आपण पिढ्यान् पिढ्या शिकलोय. ते एका ट्रेनिंगनं कसं जाईल?

पश्या इतका वेळ चहात खारी बुडवत होता. युनियनचा माणूस. "कायझेन, म्हणजे रोज थोडी-थोडी सुधारणा, तिचं कौतुक मला सांगू नका. पोरानं युक्ती काढून चार सेकंद वाचवली, की त्या चार सेकंदांत दुसरं काम बसवतात. २०११ला मानेसरला मारुतीची पोरं संपावर गेली, तेव्हा तक्रार काय होती? चहाला साडेसात मिनिटं! त्यातच संडास. साडेसातीच ती."

"पण त्याच मारुतीनं गुडगावला १९८३पासून साहेब-कामगार एका कॅन्टीनला, एका रांगेत उभे केले," सच्या आता मालकाच्या बाजूनं! "माझ्या आधीच्या कंपनीत साहेबाचं ताटसुद्धा वेगळं होतं."

"रांग एक, गणवेश एक. आणि कंत्राटी पोराचा पगार?"

यावर सच्या गप्प.

मेघनाचं दुखणं वेगळंच. "ते विचारतात, शुक्रवारपर्यंत होईल का? आपला माणूस म्हणतो, ‘होऊन जाईल, सर.’ मी तेच जपानीत सांगते. शुक्रवारी काही झालेलं नसतं आणि तोंड दिसतं माझं. उलट ते म्हणतात ‘मुझुकाशी देस ने’, म्हणजे ‘अवघड आहे’. आपला मॅनेजर खूश: अवघड आहे ना, मग जोर लावू! अगं बाई, ते ‘नाही’ म्हणालेत. हल्ली मी नंतर हळूच कानात सांगते. नियमात बसत नाही, पण काय करू?"

"मग सरळ ‘नाही’ म्हणायला काय होतं त्यांना?" पश्या उखडला. "असली गोलगोल भाषा आपल्याला नाही बुवा जमत."

मेघनानं पर्स उचलली. "बरं, उद्या सकाळी सहाला सिंहगड. येतोयस ना?"

पश्यानं खारीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "बघू."

"येत नाहीये," मेघनानं आम्हाला भाषांतर करून सांगितलं.