वरण-बट्टी मीही जेवले होते

दीड महिन्यापूर्वी भाचेसून बाळंतीण झाली. मुलगा झाला. काट्यावरचा आकडा नर्सबाईंनी मोठ्याने वाचला, "एक किलो नऊशे," आणि पेढ्यांचा विषय काढणाऱ्या बाया गप्प झाल्या. मग तिच्या सासूबाई, म्हणजे माझी वहिनी, खाटेवरच्या पोरीला म्हणाली, "नऊ महिना काय खादं व तुनी?"

मीही मान हलवली. त्याचीच लाज वाटते म्हणून हे लिहितेय.

पोर एकोणीस वर्षांची. लग्न झालं तेव्हा सतरावं चालू होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मांडव पडला, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी झाली, पंगतीत मीही होते. अठराव्या वर्षी मुलगी झाली, २१०० ग्रॅमची. ती पाच महिन्यांची होते न होते तोच हिला पुन्हा दिवस गेले. आता सांगा, नऊ महिन्यांचा हिशोब कुठून धरायचा?

अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. काही बाळं दिवस भरायच्या आत येतात म्हणून लहान असतात, काही पोटातच नीट वाढलेली नसतात. विशीच्या आतल्या आईचं स्वतःचं अंगही अजून भरत असतं, त्यात पोटातल्या बाळाचा वाटा. पहिल्या खेपेचं बाळ तसंही पुढच्यांपेक्षा सरासरीने थोडं हलकं असतं. पस्तिशीनंतर ब्लडप्रेशर, साखर मागे लागते आणि प्रेशर चढलं की वारेतून बाळाला होणारा रक्तपुरवठा घटतो. वय एकटंच गुन्हेगार आहे असंही नाही हो. लवकर लग्न होणाऱ्या पोरीच्या घरात गरिबी, अंगात रक्त कमी, हे सगळं सोबतच येतं.

पण आमच्याकडे विचारलाच जात नाही तो प्रश्न म्हणजे मागचं बाळंतपण. आधीचं बाळ कमी वजनाचं होतं? मग पुढचंही तसंच होण्याची शक्यता वाढते. बाळंतपणानंतर पुढचे दिवस जाईपर्यंत निदान दोन वर्षं जाऊ द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगातलं लोह, फॉलिक ॲसिड भरून यायला वेळ लागतो. इथे पाच महिने! तपासणीला नर्सबाईंनी "याआधी काही?" विचारलं तर वहिनीनेच उत्तर दिलं, "एक पोरगी, बाकी काही नही." पोरगी किती वजनाची होती, ते कोणी सांगितलंच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, ते कार्ड माहेरच्या पेटीत. गर्भ पडलेला असेल तर बाया तोही लपवतात, जणू चोरी केली.

आणि खाण्याचं म्हणाल, तर "जास्त खाशी तर पोर मोठं व्हई, सिझर व्हई" असं सांगून तिची अर्धी भाकर परत टोपलीत ठेवणारी आमच्याच घरातली. लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं हेही आमचंच शास्त्र. आता पोर बारीक झालं तर दोष तिचा.

२०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आम्ही त्या बावीस जणींच्या मांडवात जेवणारी माणसं.

बाळ आता बरं आहे. छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवायचं सांगितलं होतं, भाच्यानेही लाजत लाजत ठेवलं. परवा आशाताई बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीला आल्या. झोळीत घातलं, काटा दोन किलो सातशेवर थांबला. वहिनी हसली. पाळणा लांबवायचं विचारलं तर म्हणाली, "आते बघूत."

मोठी पोरगी चुलीजवळ बसून कोरडी बट्टी चोखत होती. आई पुन्हा गरोदर राहिली तशी ती अंगावरून सुटली होती. मी म्हटलं, आशाताई, हिलाही टांगा ना. सव्वा वर्षाची पोर, सात किलो दोनशे. आशाताईंनी वाढीच्या तक्त्यावर बोट नेलं, ते कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात थांबलं.