सात पोरांची शाळा

‘तात्या, तुम्ही तिकडून लाइक द्या, बास. शाळेचं आम्ही बघतो.’

हे माझ्या सख्ख्या पुतण्याने लिहिलं. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, सगळ्यांदेखत. वाद आमच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा. माण तालुका, पहिली ते चौथी, पट सात. ती मोडून पोरं पाच किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत घालावीत, असं निम्म्या ग्रुपचं म्हणणं. 2023 साली सरकारने समूह शाळांची, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करायची, टूम काढली आणि पानशेत, तोरणमाळचे दाखले दिले, तेव्हापासून हे धुमसतंय. शिक्षणहक्काच्या नियमांत लहान पोरांना एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असं आहे, हे मी तेव्हाही लिहिलं होतं. उत्तरादाखल कुणीतरी नुसते जोडलेले हात टाकले.

या वेळी मी गप्प बसणार नव्हतो. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला या विषयात कळतं. इथे हे सगळं 1963 सालीच होऊन गेलंय. कायदा आला, छोटी छोटी शाळामंडळं एकात एक घातली आणि काही वर्षांत सगळ्या राज्यात 300च्या आसपास उरली. खर्च वाचला, प्रयोगशाळा आल्या, सगळं झालं. माझ्या घरापासून 40 मैलांवर असंच शाळा गेलेलं एक गाव आहे. धान्य साठवायचा उंच एलिव्हेटर आहे, चर्च आहे, पोस्ट आठवड्यातले काही तास उघडतं. शाळेच्या इमारतीत जुन्या वस्तूंचं दुकान आहे. बास्केटबॉलच्या ढाली अजून काचेच्या कपाटात आहेत, त्या तेवढ्या विकायला नाहीत. शुक्रवारी रात्री सामना नाही म्हटल्यावर माणसं भेटणार कुठे? आधी शाळा गेली, मग दुकान गेलं, मग पोरं परत यायची थांबली. हे मी सविस्तर लिहिलं, फोटोसकट.

पुतण्या म्हणाला, ‘गाव शाळेमुळे ओस पडलं का ट्रॅक्टर मोठे झाले म्हणून?’

पोरगं हुशार आहे. शिकलंय त्याच शाळेत.

माझ्या दोन्ही मुली पिवळ्या बसने शाळेत गेल्या, रोज वीस मिनिटं जायला, वीस यायला, आणि त्यांचं काही वाकडं झालं नाही. हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही. आमच्याकडच्या रस्त्यावर तशी बस कोण चालवणार, पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की काय करणार, हे प्रश्न खरेच आहेत. पण मी तो मजकूर गाळला तो त्या प्रश्नांसाठी नाही, एवढं मला माहीत आहे.

आमची शाळा म्हणजे एक खोली आणि एक ओटा. दोन गुरुजी. एक म्हसवडहून सायकलने यायचे, चाक पंक्चर झालं की आम्हाला सुट्टी. शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी पोरी जमीन सारवायच्या आणि आम्ही शेण गोळा करून आणायचो. (सारवणं पोरींनीच का, असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही, मला तर नाहीच.) दप्तर म्हणजे खताची पिशवी. पाटी कोळशाने आणि भोपळ्याच्या पानाने घासून काळी करायची. निमकी, पावकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे ओरडून म्हणायचे, म्हणजे मेंढरं घेऊन माळावर गेलेल्या पोरांनाही ऐकू जायचे. त्यातला एक जण नुसता ऐकून औटकी शिकला होता. तो शाळेत कधीच आला नाही.

मी चौथीत होतो तेव्हा बहात्तरचा दुष्काळ पडला. आई-दादा खडी फोडायला जायचे, पाझर तलावाच्या कामावर जायचे. त्या वर्षी आमच्या शाळेचा पट वाढला, कारण शाळेत सुकडी मिळायची. म्हणजे पटाचं आकडेशास्त्र मला लहानपणापासून ठाऊक आहे. सरकारला वाटतं पोरं असली की शाळा चालते. आमच्याकडे पोटाला मिळालं म्हणून पोरं आली, आणि त्यातली काही टिकली.

रेशनवर मिलो यायचा. अमेरिकेची लाल ज्वारी. भाकरी लाल, दुपारपर्यंत वातड, आणि त्या वासाने बारकी पोरं रडायची. आई त्यात घरची उरलीसुरली मूठभर शाळू मिसळायची, ती आमच्या समाधानासाठी.

1989 साली कॅन्ससमधल्या विचिटाला आलो. पहिल्याच सप्टेंबरात कारखान्यातला एक सहकारी गाडीतून कुठेतरी घेऊन निघाला होता. दोन्ही बाजूंना कमरेएवढं पीक, वर लालसर कणसं, नजर पोचेल तिथपर्यंत. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, ‘मिलो.’ अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी याच राज्यात पिकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडेही असते. तो म्हणाला, इथे गुरांना घालतात. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आम्ही ती भाकरी करून खाल्ली आहे, हे त्याला सांगितलं नाही. पुढे वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर काम केलं, तरी सांगितलं नाही. आता तेच पीठ ग्लूटेन नसलेलं म्हणून चौपट भावाने मिळतं आणि माझी धाकटी लेक ते विकत घेते. तिलाही सांगितलेलं नाही.

गावाकडच्यांना वाटतं, हा तिकडे बसून सुखात आठवणी चघळतो. चघळतो, खरं आहे. दर दोन-तीन वर्षांनी येतो, शाळेपुढे उभा राहून फोटो काढतो. एकदा कंपाउंडला पैसे दिले तर फाटकावर माझं नाव घातलं. मी नको म्हणालो होतो, पण फार जोरात नाही. आणि जे आज शाळा बंद करा म्हणतात, त्यांची पोरं कधीच व्हॅनने दहिवडीच्या इंग्रजी शाळेत जातात. माझ्या भावाची नातवंडंसुद्धा. मी त्यांना बोलू शकत नाही. मी तर पोरं घेऊन सात समुद्रांपलीकडे आलो. उरलेली सात पोरं आहेत ज्यांच्या घरी व्हॅनचे पैसे नाहीत त्यांची. तीनजण मेंढपाळांची, दिवाळीनंतर तीही जातात. त्यांच्या आईबापांपैकी एकही आमच्या ग्रुपवर नाही. भावकीचा ग्रुप आहे ना तो.

हे मला रात्री अडीच वाजता सुचलं, आणि मग माझंच म्हणणं मला ओशाळवाणं वाटायला लागलं.

तेव्हा मी पुतण्याला वेगळा मेसेज केला. शाळा मोडलीच तर जनरल रजिस्टर कुठे जाईल?

आमच्यात जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. आई सांगायची, बाजरीची कापणी चालू होती. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगितला, आणि लिहून टाकलं: 1 जून 1963. माझ्या वर्गातले निम्मे लोक 1 जूनचे आहेत. तीच तारीख पासपोर्टवर गेली, ग्रीन कार्डवर, लायसन्सवर. अलीकडेच मी त्याच तारखेवर हिशोब करून सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनचा, अर्ज भरला. दर 1 जूनला नातवंडं केक आणतात आणि मी मेणबत्ती विझवतो. बाजरीची कापणी भाद्रपदात-आश्विनात.

सकाळी उत्तर आलं होतं. ‘तात्या, सगळं ऑनलाइन आहे आता. ते जुनं वाळवीने खाल्लंय बरंचसं. तुमचं पान बघून सांगू का?’

मी अजून काही लिहिलेलं नाही.