‘तेव्हाची मजा’ आता पुरे!

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतली नवी लढत कितीही रंगली, तरी ॲटिट्यूड एराचे, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या अखेरच्या तिच्या आक्रमक, भडक पर्वाचे भक्त तीच टकळी सुरू करतात की, खरी मजा १९९८ मध्येच होती! अहो, कसली मजा? १९९९ च्या रॉयल रंबल या मोठ्या वार्षिक कार्यक्रमात हात बेड्यांनी पाठीमागे जखडलेल्या मिक फोली या मल्लाच्या डोक्यावर त्याचा प्रतिस्पर्धी द रॉकने लोखंडी खुर्चीचे घाव एकामागून एक घातले, त्याला हात आडवा धरून डोके वाचवणेही शक्य नव्हते आणि त्याची चिमुकली मुले रिंगणाशेजारी बसून रडत होती. हेच पुन्हा पाहायचे आहे का? त्याच वर्षी मे महिन्यात कॅन्सस सिटीतल्या कार्यक्रमात मल्ल ओवेन हार्ट उंचावरून पडून मरण पावला आणि कार्यक्रम तरीही पुढे रेटला गेला, हे कुणालाच कसे आठवत नाही? महिलांना तेव्हा एकमेकींचे कपडे ओरबाडायला लावत. २०१९ च्या रेसलमेनियाची, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमाची शेवटची, सर्वांत मानाची लढत महिलांनी गाजवली, तर त्यावरही नाके मुरडायची! त्या काळचा सर्वांत गाजलेला मल्ल स्टीव्ह ऑस्टिन मलाही अतिशय प्रिय आहे. पण डोक्यावर खुर्ची मारण्यास २०१० मध्ये बंदी आली, म्हणून आजच्या कुस्तीला मिळमिळीत ठरवणाऱ्यांना माणसाच्या मेंदूची काही किंमत आहे की नाही?