क्वार्टरबॅक कसा निवडावा: घरबसल्या कोचांसाठी फुकट सल्ला

सीझन सुरू व्हायला दोन-तीन आठवडे राहिलेत, तुमच्या युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमकडे दोन क्वार्टरबॅक (म्हणजे बॉल हातात घेऊन खेळ चालवणारे) आहेत, टीम ऑप्शन खेळते (बॉल फेकण्यापेक्षा पळवायची पद्धत, पुढे सांगतो) आणि कोच काही नाव सांगायला तयार नाही. डेप्थ चार्ट, म्हणजे कोण आधी खेळणार त्याची यादी, काढला तर त्यात दोघांच्या नावांमध्ये नुसतं 'ऑर' टाकून ठेवलंय, म्हणजे हा नाहीतर तो, बसा आता बोंबलत. एवढा पगार घेणारा माणूस, सगळं आयुष्य याच्यात गेलं, आणि दोन पोरांतलं एक निवडता येईना. म्हणजे काम तुमच्यावरच आलं. आता तुम्ही म्हणाल अहो मी तर अमेरिकेत एमएस करायला आलो होतो, पहिल्या वर्षी मला हा बॉल असा लांबुळका का ते पण कळत नव्हतं. त्याने काही बिघडत नाही. वानखेडेत कधी पाय न ठेवलेली माणसं घरात बसून मुंबईची टीम निवडतातच की, ते अंगातच असतं आपल्या, फक्त बॉल बदलायचा.

तर सगळ्यात आधी बघायचा तो थ्रो. पोरगं बॉल कसं फेकतं, स्पायरल (गिरकी घेत जाणारा बॉल) कसा सरळ जातो, हात कसा वरून येतो, लांब फेकला की शेजारचा कसा 'वाह' म्हणतो. ऑप्शन टीम कधीकधी अख्ख्या मॅचमध्ये सात-आठच पास टाकते असा मुद्दा कोणी काढला तर त्याला सांगायचं, म्हणूनच तर, चांगला फेकणारा आणला की जास्त टाकता येतील. मग जास्तच टाकायचे तर ऑप्शन कशाला खेळायचं असं त्याने पुढे विचारलं की चहा आणायला उठायचं.

यावर लोक ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीचं उदाहरण तोंडावर फेकतात, तेवढं सांभाळा. १९८५ साली तिथे बॅरी स्विट्झर कोच होता, विशबोनचा, म्हणजे ऑप्शनच्याच एका मांडणीचा, बादशहा, आणि त्याच्याकडे ट्रॉय एकमन नावाचा पोरगा होता, हात असा की बघत राहावं. त्याच्यासाठी स्विट्झरने आपला लाडका विशबोन बाजूला ठेवला. ऑक्टोबरात मायामीविरुद्ध एकमनचा पाय मोडला, ती मॅच पण गेली, आणि जमेल हॉलिवे नावाचा नुकताच हायस्कूलमधून आलेला फ्रेशमन आत आला आणि त्याच्याबरोबर विशबोन परत आला. त्यानंतर ओक्लाहोमा एकही मॅच हरली नाही, १ जानेवारी १९८६ ला ऑरेंज बोल नावाच्या सीझनअखेरच्या मॅचमध्ये पेन स्टेटला २५-१० हरवून नॅशनल टायटल घेऊन घरी गेली. एकमन तिकडून यूसीएलएला गेला, १९८९ ला एनएफएलच्या, म्हणजे प्रोफेशनल लीगच्या, ड्राफ्टमध्ये (खेळाडू निवडायचा कार्यक्रम) डॅलसने त्याला पहिल्या नंबरवर उचललं, पुढे तीन सुपर बोल (त्या लीगची फायनल) जिंकले, हॉल ऑफ फेम, सगळं झालं. आता एखादा शहाणा म्हणेल की बघा, दोघांतला मोठा क्वार्टरबॅक बाहेर गेला आणि टीम जिंकायला लागली, कारण टीमला लागत होता तो वेगळाच माणूस. तुम्ही तिकडे जाऊच नका. तुम्ही म्हणायचं, हॉल ऑफ फेमवाला हातातून घालवला, काय हा कोच! पाय मोडला होता एवढी एक माहिती गाळली की वाक्य झकास बसतं.

आता ऑप्शन म्हणजे नक्की काय हे एकदा समजून घ्या, म्हणजे नंतर विसरायला बरं पडेल. स्नॅप झाला, म्हणजे खेळ सुरू करायला बॉल मागे दिला, की क्वार्टरबॅक तो फुलबॅकच्या, म्हणजे मागे उभ्या असलेल्या पळणाऱ्याच्या, पोटात घालतो पण सोडत नाही, आणि त्याचे डोळे बॉलवर नसतातच, ते असतात समोरच्या लाईनमधल्या एका अवाढव्य माणसावर, ज्याला आपल्या टीमने मुद्दाम ब्लॉक केलेलं, म्हणजे अडवलेलं, नाही. हो, मुद्दाम. तो माणूस फुलबॅकवर धावला तर बॉल पोटातून काढून घ्यायचा, तो जागेवर थांबला किंवा बाहेर सरकला तर फुलबॅकला देऊन टाकायचा. काढून घेतला तर तसंच बाहेरच्या बाजूला पळायचं, तिथे दुसरा असाच मोकळा सोडलेला माणूस वाट बघत असतो, तो अंगावर आला तर शेजारून पळणाऱ्या पोराकडे बॉल पिच करायचा, म्हणजे बाजूला टाकायचा, आणि स्वतः मार खायचा, तो पिचवाल्याकडे झुकला तर बॉल ठेवून आत घुसायचं. दोघांना ब्लॉकच करायचं नाही, म्हणजे आपली दोन माणसं वाचली, ती पुढे जाऊन दुसऱ्या कोणाला तरी आडवं करतात. म्हणून तर आर्मी, नेव्ही, एअर फोर्सवाल्या टीम्स, ज्यांना धिप्पाड पोरं मिळत नाहीत, वर्षानुवर्षं हेच खेळत आल्यात. सगळी गंमत त्या अर्ध्या सेकंदात आहे, दिला, ठेवला की पिच केला. आणि ते अर्धं सेकंद टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे पळतो आणि क्वार्टरबॅक बघतोय तो माणूस कोण हे तुम्हाला मला कोणी सांगत नाही.

म्हणून नियम साधा आहे. जे दिसत नाही ते मोजायचं नाही.

समजा 'अ' ने बॉल फुलबॅकला दिला, म्हणजे डाइव्ह, तीन यार्ड मिळाले, रीड, म्हणजे समोरच्याला ओळखणं, एकदम बरोबर होता. तुम्ही डोक्यावर हात मारायचा, परत डाइव्ह, परत डाइव्ह, याला दुसरं काही येतं का. 'ब' ने चुकीचा रीड केला, द्यायचा तिथे ठेवला, समोरचा लाईनबॅकर घसरून पडला आणि पोरगं साठ यार्ड पळत गेलं, तर हा बघा प्लेमेकर, याला म्हणतात इंस्टिंक्ट. सोमवारी कोच फिल्म बघताना त्याच प्लेला मायनस देत असेल तर तो त्याचा प्रॉब्लेम. पिच करताना बॉल खाली पडला तर आधी बघायचं की पिच कोणी केला. आपल्याने केला असेल तर पकडणारा गाढव, दुसऱ्याने केला असेल तर तो कामातून गेलेला.

प्रॅक्टिस बघायला मिळत नाही, मग अंदाज कशावरून? स्प्रिंग गेम आहे ना, वसंतातली टीमची आपसातली सरावाची मॅच. स्प्रिंग गेम म्हणजे आपला कांदेपोह्याचा कार्यक्रम, सगळे इस्त्री करून बसलेले आणि खरं काहीच कळत नाही. क्वार्टरबॅकला वेगळ्या रंगाची जर्सी घालतात, म्हणजे त्याला कोणी पाडायचं नाही, हात लावला की शिट्टी. आता ज्या माणसाचं काम दर प्लेला मार खायचं, मार खायच्या एक क्षण आधी बॉल सोडायचं, त्याची परीक्षा मार न देता घ्यायची. यावरून तुम्ही ठाम मत बनवायचं आणि डिसेंबरपर्यंत सोडायचं नाही.

इतिहास लागला तर नेब्रास्का युनिव्हर्सिटीचा काढा, तिथे माल भरपूर आहे. तिच्या लिंकन गावात १९६२ पासून प्रत्येक होम गेमची सगळी तिकिटं संपलेली असतात असं रेकॉर्ड आहे, मॅचच्या दिवशी स्टेडियम हे राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं असं तिथले लोक सांगतात, म्हणजे तिसऱ्या मोठ्या शहराएवढे कोच एकाच वेळी एकाच जागी. १९९४ ला तिथल्या हेड कोच टॉम ऑसबॉर्नकडे टॉमी फ्रेझर होता, ऑप्शनसाठीच जन्माला आलेला, आणि मागे ब्रूक बेरिंजर, उंचापुरा, हात चांगला, शांत पोरगा. चार मॅच झाल्या आणि फ्रेझरच्या पायात रक्ताच्या गुठळ्या सापडल्या. बेरिंजर आला, त्याचं एक फुफ्फुस आकसलं, तरी परत आला, स्टार्टर म्हणून सातच्या सात मॅच जिंकला. आता सांगा, सात जिंकलेल्या माणसाला फायनलला बसवायचं का? ऑसबॉर्नने बसवला. १ जानेवारी १९९५, ऑरेंज बोल, समोर मायामी, त्यांच्याच घरात, आणि महिनोन्‌महिने न खेळलेल्या फ्रेझरने सुरुवात केली. मग मध्ये बेरिंजर आला, त्याने टचडाउन पास टाकला, मग चौथ्या क्वार्टरमध्ये १७-९ असे मागे असताना परत फ्रेझर. आणि मॅच जिंकली कोणी? कोरी श्लेसिंगरने. फुलबॅक! दोनदा मधूनच घुसला, १५ यार्ड आणि १४ यार्ड, २४-१७, ऑसबॉर्नला हेड कोच म्हणून २२ व्या सीझनला पहिलं नॅशनल टायटल. ज्या डाइव्हवर तुम्ही डोक्याला हात लावता ना, त्याच मधल्या रस्त्याने.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगतो, मग परत चेष्टा करू. बेरिंजर १९९६ च्या एप्रिलमध्ये, एनएफएल ड्राफ्टच्या दोन दिवस आधी, विमान अपघातात गेला. लिंकनच्या स्टेडियमबाहेर ऑसबॉर्नचा पुतळा आहे, आणि त्याच्या शेजारी उभा आहे तो फ्रेझर नाही, बेरिंजर आहे. त्याच्यावरून तिथे कोणी वाद घालत नाही, तुम्ही पण घालू नका.

हां, तर पुढे. १९९९ ला त्याच गावात पुढचा कोच फ्रँक सोलिचसमोर दोन पोरं, बॉबी न्यूकम आणि एरिक क्राउच. सोलिचने न्यूकमला स्टार्टर केलं, क्राउच वैतागून थेट ओमाहाला घरी निघून गेला. समजूत काढली, परत आला, काही मॅचमध्येच क्राउच क्वार्टरबॅक आणि न्यूकम विंगबॅक (बाजूने पळणारा), आणि २००१ चा हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा पुरस्कार, क्राउचकडे. हल्ली पोरगं वैतागलं की पन्नास मैलांवर घरी जात नाही, ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी बदलायच्या यादीत, नाव टाकतं आणि महिन्याभरात दुसऱ्या राज्यात दुसऱ्या रंगाच्या जर्सीत फोटो. म्हणजे तुमची निवड आता जास्त जोखमीची झालीये, एकाला हो म्हटलं की दुसरा गेलाच समजा. म्हणून निवड लवकर करा, पण जबाबदारी घेऊ नका, आणि जो जाईल तो तिकडे चमकला की 'मी तेव्हाच म्हणालो होतो' हे वाक्य दोघांच्याही नावाने तयार ठेवा.

काही सज्जन लोक मध्यममार्ग काढतात, दोघांना आलटून पालटून खेळवा. आयडिया मस्त आहे, कोणाचंच मन दुखत नाही. आता सेंटर (बॉल मागे देणारा), फुलबॅक आणि क्वार्टरबॅक यांची ती बॉल पोटात घालायची लय हजारो वेळा घोटून जमते आणि दर सिरीजला (बॉल आपल्याकडे आल्यावरची एक पाळी) समोरचा माणूस बदलला की ती बिघडते, हे बारीकसारीक सोडून द्या. लय वगैरे गाणाऱ्यांनी बघावं.

आणि बदल कधी मागायचा? टेक्सास युनिव्हर्सिटीचा दाखला देत जा. १९६८ ला तिथे विशबोन नवीनच होता, एमरी बेलार्डच्या डोक्यातून निघालेला, डॅरेल रॉयल हेड कोच, आणि क्वार्टरबॅक बिल ब्रॅडली, लोक त्याला 'सुपर बिल' म्हणायचे. पहिली मॅच ह्यूस्टनशी २०-२० बरोबरीत, दुसरी टेक्सास टेकने घेतली, ३१-२२. रॉयलने सुपर बिलला काढलं आणि जेम्स स्ट्रीटला घातलं, ज्याच्या नावामागे सुपर-बिपर काही नव्हतं. त्यानंतर टेक्सास सलग ३० मॅच जिंकली, स्ट्रीटने स्टार्ट केल्या त्या २० च्या २०. ब्रॅडली डिफेन्समध्ये गेला, पुढे ईगल्सकडून खेळताना १९७१ आणि १९७२ ला अख्ख्या एनएफएलमध्ये सगळ्यात जास्त इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्या टीमचे मधेच पकडलेले पास, त्याचेच. म्हणजे माणूस खराब नव्हताच, जागा चुकली होती. पण तुम्ही यातून एवढंच घ्या की रॉयलने दोन मॅचमध्ये बदल केला, मग आपल्या कोचला दोन सिरीजमध्ये करायला काय होतं.

आता प्रत्यक्ष मॅचचा दिवस. शनिवारीच मंडळाची दिवाळी असणार, कारण आपली दिवाळी इकडे पंचांगावर नाही, हॉलच्या बुकिंगवर येते. मुलांची नाचाची बसवलेली गाणी चालू, तुम्ही मागच्या रांगेत, एका हातात चकली, दुसऱ्या हातात फोन. बायको विचारेल 'अहो, बघताय ना, आपली आली स्टेजवर', तर 'हो हो बघतोय' म्हणायचं आणि शेजारच्या काकांना हळूच सांगायचं की याने आत्ता पिच करायला हवा होता. काका इंडियाहून सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना यातलं ओ की ठो माहीत नाही, आणि म्हणूनच ते सगळ्यात उत्तम श्रोते. थोड्या वेळाने तेच विचारतील, हा दुसरा पोरगा का बसवलाय रे बाहेर? तिथे ओळखायचं की काका तयार झाले.

एक शेवटचं, आणि हे खूप महत्त्वाचं आहे. तुमचा निवडलेला पोरगा खेळला, हरला, मग दुसरा खेळला, तोही हरला, तर अडकायचं नाही. टीममध्ये तिसरा असतोच. त्याचं नाव, गाव, हायस्कूल आजच पाठ करून ठेवा. १९९४ च्या त्याच सीझनला फ्रेझर बाहेर, बेरिंजर अर्धा बाहेर, तेव्हा कॅन्सस स्टेटविरुद्ध मॅट टर्मन नावाच्या, स्कॉलरशिप नसलेल्या वॉक-ऑनने स्टार्ट केला आणि नेब्रास्का १७-६ जिंकली. मग त्याला पुढे का नाही खेळवला? हा प्रश्न लिंकनमध्ये कोणी फारसा विचारत नाही, म्हणजे मैदान मोकळं आहे, तुम्ही सोमवारी ऑफिसमध्ये सुरुवात करा.