घर निघालं कोथिंबिरीला

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, जाहिरातीत एक जोडपं समुद्रकिनारी खुर्च्या टाकून चहा पीत बसलेलं असतं. चहात घालायचं दूध कुणी आणि कशावरून आणलं, हे मात्र जाहिरातवाले सांगत नाहीत.

माझा मेहुणा चाकणला नोकरीला आहे आणि चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्याचा जीव जडतो. राज्य सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा याच्या तोंडावर स्वतःचं लग्न ठरल्याचा आनंद होता. मग एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर आली. तिच्या पोटात दोन पलंग, शेगडी, बेसिन आणि पडद्याआड आणखी एक सोय बसली. निम्मे पैसे माझे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘येथे घरे लावू नयेत’ अशी पाटी लागली ती आमच्यामुळेच.

अडचण काय, ते हरिहरेश्वरला कळलं. झाडाची सावली बघून गाडी लावली, चाकांना दगड लावले, छत ओढलं, विजेची वायर जोडली, कपबशा बाहेर आल्या. आणि ही म्हणाली, “अहो, कोथिंबीर राहिली.”

बाजार लांब, ऊन चढलेलं. मग छत गुंडाळा, वायर काढा, कपबशा फडक्यात बांधून कपाटात कोंबा, चाकाखालचे दगड काढा, आणि एका जुडीसाठी पलंग-बेसिनासकट अख्खं घर बाजारात न्या. कोकणातल्या गल्लीत मेहुणा ते मागे घेत होता आणि मी मागे उभा राहून “येऊ दे, येऊ दे” ओरडत होतो. ओट्यावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, “बिऱ्हाड हलवताय काय?” परत येईतो आमच्या सावलीत नागपूरची गाडी.

तेव्हा ठरलं की घराला एक पिल्लू पाहिजे. दूध, कोथिंबीर, काडेपेटी, आणि कधी काळी देऊळसुद्धा, अशा कामांसाठी एक छोटी गाडी.

“विजेवरची सायकल घ्या भावजी,” मेहुणा म्हणाला. “मोटर 250 वॅटच्या आत, वेग 25च्या आत, म्हणजे कायद्यानं ती मोटारगाडीच नाही. लायसन नको, नंबर नको, विमा नको.” एका दमात तीन ‘नको’ ऐकले की पुणेकर विरघळतो. मित्राची सायकल मागून आणली आणि एआरएआयच्या चढावर घेऊन गेलो. देशातल्या गाड्यांची परीक्षा घेणारी संस्था ज्या टेकडीवर आहे, तिथंच आपलीही होऊन जाऊ दे म्हटलं.

झाली. मी 82 किलो, सायकल 22. मीटरला आठ सेंटिमीटर चढणाऱ्या रस्त्यावर एवढं वजन ताशी दहाच्या वेगानं न्यायला सव्वादोनशे वॅटच्या वर ताकद लागते, हा हिशेब मेहुण्यानं नंतर कागदावर मांडून दाखवला. माझ्या मांड्यांनी तो आधीच मांडला होता. आमच्या घरचा मिक्सर साडेसातशे वॅटचा आहे. वाटीभर खोबऱ्याच्या चटणीला जेवढी ताकद लागते, तिच्या तिसऱ्या हिश्श्यात मला, पोटासकट, टेकडी चढवायची अपेक्षा होती. मोटर घूं घूं करत राहिली आणि पेडल मीच मारलं. शिवाय त्या बॅटरीला ऊन सोसत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या गाडीत पंखा एकच, तो बॅटरीला लावायचा की बायकोला, यावर घरात फार चर्चा झाली नाही.

राहिली मोपेड. आणि पुण्यात मोपेड म्हटलं की लुना. पियाजिओ या इटालियन कंपनीच्या ‘चाओ’ मोपेडवरून घेतलेली ही गाडी 1972 मध्ये हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिकनं आणली. आमची ट्रॅव्हलर काढणाऱ्या बजाज टेम्पोचे संस्थापक नवलमल फिरोदिया. दोघे सख्खे भाऊ. म्हणजे ट्रॅव्हलरच्या पाठीला लुना बांधणं ही चुलत बहिणींची भेट होती. (2024 मध्ये लुना विजेवरही आली; पण पुन्हा बॅटरीचा विषय काढायची माझी प्राज्ञा नव्हती.)

सासऱ्यांची लुना जिन्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवलेली होती. ते म्हणाले, “देतो. पण मी बरोबर येणार.” कन्यादानाच्या वेळी त्यांनी असली काही अट घातली नव्हती.

लुनेला जाग आणायला गाड्यांच्या सुट्या भागांची नाना पेठ गाठली. तिथं काउंटरवरच्या माणसानं माझ्या हातातला गंजलेला कार्ब्युरेटर उलटा केला, जेटमध्ये फुंकला, प्रकाशाकडे धरला आणि एक डोळा मिटून बघत राहिला. मग आतल्या मुलाला नुसतं “पन्नास सीसी” एवढंच म्हणाला. मुलगा माळ्यावर चढला आणि जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली पुडी खाली टाकली. “ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, माहितीय ना?” हा प्रश्न मला नव्हता, सासऱ्यांना होता. मला त्यानं बघताक्षणी ओळखलं होतं.

पुढचा टप्पा कागदांचा. पंधरा वर्षांची नोंदणी कधीच संपलेली. ती परत करायला चेसिस नंबरचा पेन्सिलनं घासून छाप काढावा लागतो, आणि सासऱ्यांनी दर दिवाळीला हौसेनं गाडी रंगवल्यामुळे नंबर रंगाच्या थरांखाली गाडला गेलेला. मी पॉलिश पेपर घेऊन घासत बसलो. हिरवा गेला, लाल आला. लाल गेला, पुन्हा हिरवा. शेवटी आकडे दिसले तेव्हा सासऱ्यांचे डोळे भरून आले. रंग गेल्यामुळे.

कार्यालयात सासरे लुना घेऊन स्वतः हजर झाले. खिडकीतल्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “नोंदणी संपलेली गाडी चालवत आणलीत?”

“चालवत नाही,” सासरे म्हणाले, “पेडल मारत.”

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं आणि शिक्का मारला.

आता ती न्यायची कशी? आत ठेवता येत नाही. शेगडी पेटलेल्या बंद खोलीत पेट्रोलची गाडी ठेवणं म्हणजे पर्यटन धोरणाच्याही पुढे जाणं. युरोपातल्या मोठ्या मोटरहोमना शेपटीकडे खास कप्पा असतो, त्याला ते गॅरेजच म्हणतात. होंडानं तर 1981 मध्ये ‘मोटोकॉम्पो’ काढली होती, हँडल मिटून मोटारीच्या डिकीत घालायची; आडवी ठेवली तरी तेल-पेट्रोल सांडू नये अशी तिची रचना. मेहुणा तिचा फोटो रोज पाठवायचा. मी रोज अंगठा दाखवायचो.

शेवटी फॅब्रिकेशनवाल्याकडून मागे लोखंडी कॅरिअर लावून घेतला. बांधायचे पट्टे, कुलूप, हेल्मेट, सगळं झालं. मग मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर गेलो, कारण मागच्या चाकांच्याही मागे वजन टांगलं की पुढची बाजू उचलली जाते आणि घाटात स्टिअरिंग हलकं पडतं.

“माल काय?” काट्यावाल्यानं विचारलं.

“संसार,” ही म्हणाली.

पुढचा धुरा तीसएक किलोनं हलका भरला. मेहुण्यानं तिथंच उपाय काढला: पिठाचा डबा, पाण्याचा कॅन आणि बाबा, तिन्ही पुढे. सासऱ्यांना पुढची सीट सन्मानानं मिळाली असं वाटलं, आणि ते खोटं आहे हे सांगायचं काम कुणी अंगावर घेतलं नाही.

एका शनिवारी पहाटे चांदणी चौकातून पौड रस्त्यानं ताम्हिणीकडे निघालो. पुढे सासरे मांडीवर पिठाचा डबा घेऊन, मागे लुना. पिरंगुटच्या अलीकडे शिट्टी वाजली. हवालदार गाडीच्या मागे गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. लुनेचं चाक आमच्या नंबरप्लेटवर आणि सीट टेललाइटवर आलेलं. दिसत होता तो लुनेचाच नंबर. मी उतरून कागद दाखवले. दोन आरसी, दोन विमे, एक पीयूसी कमी. ते कागद बघत होते आणि मी दगड लावलेल्या चाकासारखा उभा होतो.

“यात गाडी कुठली आणि सामान कुठलं?” हवालदारांनी विचारलं.

पुढच्या खिडकीतून सासऱ्यांचं डोकं बाहेर आलं. “गाडी मागं आहे,” ते म्हणाले. “हे सगळं सामान.”

पावती सामानाच्या नावानं फाटली.