फोन खोलीतच होता

आज १५ ऑक्टोबर २०२५. नजीब अहमदला नाहीसं होऊन नऊ वर्षं झाली. यंदा ३० जूनला दिल्लीच्या राउज अव्हेन्यू कोर्टानं सीबीआयचा क्लोजर रिपोर्ट, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, मान्य केला. त्या दिवशी घरात मी ही बातमी मोठ्यानं वाचली, तर पुतणीनं विचारलं, "कोण नजीब?" ती २०१६ साली सातवीत होती, तिचा काही दोष नाही. पण मला ती बातमी साडेतीन महिने सोडत नाहीये. कारण राजकारण नाही. मी सात वर्षं एका कॉलेजच्या होस्टेलचा रेक्टर होतो.

आधी ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. नजीब उत्तर प्रदेशातल्या बदायूंचा. वय सत्तावीस. जेएनयूमध्ये बायोटेक्नॉलॉजीच्या एमएस्सीला नुकताच प्रवेश घेतलेला. माही-मांडवी होस्टेल, खोली नंबर १०६. १४ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री होस्टेलच्या निवडणुकीच्या प्रचारासाठी काही मुलं आली आणि भांडण झालं. अभाविपशी संबंधित मुलांनी मारल्याचा आरोप झाला, संघटनेनं तो नाकारला. पहिला हात नजीबनं उचलला, असं त्या बाजूचं म्हणणं. मुलाचा फोन आल्यावर त्याची आई फातिमा नफीस दिल्लीला निघाली. दुसऱ्या दिवशी आनंद विहारला उतरल्यावरही दोघांचं बोलणं झालं. ती होस्टेलवर पोचली तेव्हा खोलीत मुलगा नव्हता. त्याचा फोन आणि पाकीट मात्र तिथंच होतं.

मी अडकलोय तो या फोनपाशी.

आपल्याकडचा तपास आता जवळपास सगळा मोबाईलवर चालतो. सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद काढा, लोकेशन काढा, शेवटचा टॉवर कुठला ते बघा. गुन्हेगार सापडतो तोही फोनमुळं आणि हरवलेला माणूस सापडतो तोही फोनमुळं. एखादा माणूस फोन मागे ठेवून गेला की मग उरतात जुन्या पद्धती. दारोदार जायचं, चहावाल्याला विचारायचं, रिक्षावाल्याला विचारायचं, झाडी धुंडाळायची. आणि हे सगळं आजच्या आज करायचं, कारण चहावाल्याला कालचं गिऱ्हाईक आठवतं, दोन महिन्यांपूर्वीचं नाही.

आता तारखा बघा. १५ ऑक्टोबरला मुलगा गेला. कलम ३६५ खाली अपहरणाचा गुन्हा दाखल झाला. १९ ला विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीला घेराव घातला आणि कुलगुरू रात्रभर आत अडकले. मग गृहमंत्र्यांच्या सूचनेवरून एसआयटी नेमली गेली. पन्नास हजारांचं बक्षीस जाहीर झालं, ते वाढत वाढत दहा लाखांवर गेलं. नोव्हेंबरमध्ये आईनं दिल्ली उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका केली. आणि जेएनयूचा तो हजार एकरांचा, निम्मा जंगल असलेला परिसर सहाशेच्या आसपास पोलीस आणि श्वानपथक घेऊन पूर्ण पिंजून काढला गेला तो १९ डिसेंबरला. तोही उच्च न्यायालयानं सांगितल्यावर.

दोन महिन्यांनी कुत्र्यांना कुठला वास येणार होता?

जे काम पहिल्या रात्री होस्टेलच्या चौकीदारानं बॅटरी घेऊन सुरू करायचं, ते कोर्टाचा आदेश येईपर्यंत थांबलं. मला यात कुणाचा कट दिसत नाही. दिसतो तो माझ्या ओळखीचा आळस, आणि थोडी भीती. तो आळस मी स्वतः केलेला आहे.

साल १९९६. आमच्या होस्टेलवर दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. निकाल लागला, तीन विषय राहिले, आणि मुलगा दिसेना. मला पहिल्यांदा सांगितलं ते मेसच्या मामांनी. "सर, सतरा नंबरचं ताट दोन दिवस तसंच हाय." मी म्हटलं, गावी गेला असेल. ट्रंक खोलीत होती, गादी गुंडाळलेली नव्हती, तरी मी म्हटलं गावी गेला असेल. वरून निरोप आला की आधी घरी चौकशी करा, पोलिसांचं मग बघू. त्यांच्या गावात फोन एकच, तो पोस्टात. तिसऱ्या दिवशी वडील आले, धोतर, टोपी, हातात शिदोरी. पोरगा घरी आला नव्हता. मग आम्ही ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारानं मिसिंग नोंदवली आणि म्हणाला, "कॉलेजचं पोरगं हाय सर, येतंय चार दिसात. कुठं जातंय?"

पाचव्या दिवशी त्याचा रूममेट माझ्याकडे आला. म्हणाला, सर, त्यानं माझ्याकडून चाळीस रुपये घेतले होते आणि पंढरपूरची एसटी किती वाजता आहे ते विचारलं होतं. मी म्हटलं, अरे मग हे आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही सर."

पाच दिवस मी रजिस्टरं चाळत होतो, प्राचार्यांना तोंडी अहवाल देत होतो, वडिलांना चहा पाजत होतो. शेजारच्या कॉटवरच्या पोराला विचारलं नव्हतं. मुलगा पंढरपुरात एका खानावळीत भांडी घासताना सापडला. धडधाकट. आमचं नशीब.

म्हणून नजीबची कागदपत्रं वाचताना मला दिसतात ती ही न विचारलेली माणसं. विचारलं तेव्हा काय झालं तेही बघण्यासारखं आहे. दिल्ली पोलिसांनी एक रिक्षावाला शोधला, त्यानं नजीबला जामिया मिलिया विद्यापीठाला सोडल्याचं सांगितलं. पुढं सीबीआयनं उच्च न्यायालयात सांगितलं की पोलिसांनी दबाव आणला म्हणून आपण तसं बोललो, असं तो रिक्षावाला म्हणतो. आता समजा तो पहिल्यांदा खरं बोलला असेल, किंवा दुसऱ्यांदा. आपल्याला कधीच कळणार नाही. धागा हाताला लागायच्या आधीच त्याचा गुंता करून ठेवला.

संशयित नऊ विद्यार्थ्यांच्या लाय डिटेक्टर चाचणीवरून तर वर्षभर वाद चालला. त्यांनी संमती दिली नाही, कोर्टानं सक्ती केली नाही. इथं माझे बरेच मित्र चिडतात, पण कोर्टाचं बरोबर आहे. २०१० च्या सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय की संमतीशिवाय अशी चाचणी नाही. उद्या तुमच्या-माझ्या पोराला यंत्राला बांधतील तेव्हा हाच निकाल आठवेल. माझा प्रश्न वेगळा आहे. वर्षभर यंत्रावर भांडण्याइतकी वेळ का आली? कुणाच्या हाती साधा पुरावाच उरला नव्हता म्हणून.

मे २०१७ मध्ये तपास सीबीआयकडे गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सीबीआयनं हात टेकले. आईनं त्या क्लोजर रिपोर्टला विरोध करणारा अर्ज केला, त्यावर निकाल यायला २०२५ उजाडलं. न्यायदंडाधिकाऱ्यांनी म्हटलं की तपासाचे सगळे मार्ग करून झाले, पुढं काही ठोस हाती लागलं तर सीबीआय पुन्हा तपास करू शकते, आणि नजीब लवकर सापडावा अशी आशाही व्यक्त केली. वाईट लिहिलेला आदेश नाही तो. उलट वाचताना वाटलं की लिहिणाऱ्यालाही ते जड गेलं असावं.

या सगळ्यात कायद्यातली एक गोम लोकांच्या लक्षात येत नाही. अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरणाचा गुन्हा नोंदवायचाच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलेलं आहे. अठरा पूर्ण झालेल्या मुलाची मात्र साधी मिसिंग होते. तो सज्ञान, कुठं जायचं त्याची मर्जी. हे तत्त्व म्हणून ठीकच आहे, पळून लग्न करणाऱ्या मुलीला तेच वाचवतं. पण होस्टेलवरची सगळी पोरं नेमकी याच वयात असतात. घरचे दोनशे किलोमीटरवर, रेक्टर म्हणतो पोलीस बघतील, पोलीस म्हणतात येईल.

केरळचा राजन मला यासंदर्भात नेहमी आठवतो. कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी. आणीबाणीत, १ मार्च १९७६ ला, पोलिसांनी त्याला उचललं आणि कक्कयमच्या छावणीत नेलं. वडील ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक. आणीबाणी उठल्यावर त्यांनी हेबियस कॉर्पस केली, सरकारला पोलीस कोठडीची कबुली द्यावी लागली आणि करुणाकरन यांना महिन्याभरात मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. देह मात्र मिळाला नाही. पण निदान त्या बापाला कुणाला विचारायचं ते माहीत होतं. पोलिसांनी नेलं हे पाहणारे साक्षीदार होते. फातिमा नफीस यांच्या याचिकेत 'हजर करा' कुणाला म्हणायचं, हेच नऊ वर्षं ठरलं नाही.

सात वर्षं माणसाची काही खबर नसेल तर तो मेला असं कायदा धरून चालू शकतो. पुराव्याच्या जुन्या कायद्यातलं कलम १०८, नव्या कायद्यातही ते आहे. नजीबची सात वर्षं २०२३ ला भरली. आई अजून लढणार म्हणते.

कमेंट उघड्या ठेवतोय. फक्त "तो तर आयसिसमध्ये गेला" हे लिहिणार असाल तर थांबा. मार्च २०१७ मध्ये तशी बातमी छापून आली होती, की त्याच्या लॅपटॉपवर म्हणे आयसिसबद्दलचे शोध सापडले. दिल्ली पोलिसांनीच ती नाकारली. नंतर जो नजीब तिकडे गेल्याचे मेसेज फिरले, तो केरळचा, दुसराच. तो मेसेज मलाही आमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या ग्रुपवर तीनदा आलाय, त्यातला एक त्याच प्राचार्यांकडून.