दात लावून अवलक्षण

रविवारच्या जुन्या बाजारात एका अनोळखी म्हाताऱ्याने माझं कुत्रं उष्टं केलं. पैसे अजून दिले नव्हते, पण हातात तर माझ्याच होतं ना!

कुत्रं स्टॅफर्डशायरचं (इंग्लंडातला कुंभारकामाचा परगणा), म्हणजे मातीचं. पांढरा स्पॅनियल, तांबूस कान, गळ्यात सोनेरी साखळी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात शेकोटीवरच्या फळीवर यांची जोडी बसवत, एक डावीकडे बघणारं, एक उजवीकडे. पाठ भिंतीकडे, म्हणून मागे रंगाची काटकसर. (आमच्या मिरजेच्या बिल्डरने ही विद्या तिथूनच उचलली असणार.) त्या कुंभारांचं एकंदरीत धाडसच. झेब्रा करायचा तर घोड्याच्याच साच्यातून काढायचा आणि वर काळे पट्टे ओढायचे. आयाळ घोड्याची, तशीच मानेवर लोळतेय. असो.

माझ्या घरी आधीचं एक आहे, ते डावीकडे बघतं. उजवीकडे बघणारं सापडलं, तेवढ्यात या गृहस्थांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, मग "बघू का?" विचारलं, आणि कान पुढच्या दातांवर आपटला. टक्. टक्.

शास्त्र बरोबर आहे. भाजलेली माती दातावर खणखणते, रेझिनने केलेली डागडुजी मऊ लागते. पण दुसऱ्या टक्‌ला वरची कवळी निसटली. अंगठ्याने ती जागेवर बसवून त्यांनी निकाल दिला, "कान नकली आहे."

हे कोण बोलतंय!

मग कुत्रं उलटं केलं. बुडाला हे एवढं भोक. "ओतीव काम, उशिराचं. जुनी साच्यात दाबून करत, त्यांचं भोक बारीक असतं." हेही बरोबर. माणूस चुकीचा असता तर निदान भांडता आलं असतं.

दुकानवाल्या बाई मात्र माझ्यावरच उखडल्या. "आता घ्यावंच लागेल. तोंडात घातलंत."

"मी कुठे? यांनी!"

"तुम्ही दोघं बरोबरच आहात ना?"

ते गोरेपान, सहा फुटी, मी मिरजेचा. बरोबर कसले? चाळीस पौंड. हल्ली तरुण पोरं ही कुत्री फुकटातही घरात ठेवत नाहीत, लिलावात खोकीच्या खोकी स्वस्तात जातात. पण हे भाव आम्हा चार वेड्यांपर्यंत कधी पोचत नाहीत. आमच्यासाठी आजीच्या आठवणींसकट दर. वर कान नकली, त्याचे पैसे कमी नाही करणार.

मागे रांग लागली होती. दिले.

बाई कुत्रं वर्तमानपत्रात गुंडाळत असताना म्हातारबुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरी गेल्यावर धुऊन घ्या हं. पण गरम पाण्यात नको. कान सुटेल."